उसनं वैर

येत्या शनिवारी, २९ नोव्हेंबरला, दुपारी बारा वाजता इथे ॲन आर्बरमध्ये मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट हा कॉलेज फुटबॉलचा सामना आहे. इथले लोक त्याला नुसतं 'द गेम' म्हणतात. कोणता गेम, असं विचारलंत तर तुम्ही नवीन आहात हे लगेच कळतं.

माझ्याकडे दोन तिकिटं आहेत. लॅबमधला एक सहकारी थँक्सगिव्हिंगला सासुरवाडीला जातोय, त्याची. दुसऱ्या तिकिटावर कोलंबसहून माझे जुने घरमालक येताहेत. वय एकोणऐंशी. प्रत्यक्षात मी त्यांना नावानं हाक मारते, पण मनातल्या मनात ते कायम आजोबाच राहिले, म्हणून इथेही आजोबाच म्हणते. पीएचडीची सहा वर्षं मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिले. फुटबॉल मला त्यांनी शिकवला. मागच्या आठवड्यात फोनवर गाडी, पार्किंग, गुडघे असं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "मग, तू कोणासाठी ओरडणार?" मी "बघू" म्हटलं. ते हसले. मला मात्र तेव्हापासून चैन नाही.

दुबईत किंवा लंडनमध्ये बसून हे वाचणाऱ्यांना वाटेल, एवढं काय त्यात! म्हणून थोडी पार्श्वभूमी. हे दोन संघ पहिल्यांदा १८९७ मध्ये भेटले, मिशिगननं ३४-० असा धुव्वा उडवला. १९१८ पासून दरवर्षी सामना होतो. अपवाद फक्त २०२० चा, कोविडमुळे. १९५० मध्ये कोलंबसला बर्फाच्या वादळात खेळले. मैदानावरच्या रेषाही दिसेनात, आणि मिशिगन एकदाही 'फर्स्ट डाऊन' न मिळवता ९-३ नं जिंकलं. आमच्या इथल्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१, त्यांच्या तिथल्याची १,०२,७८०. (आमच्या, त्यांच्या. बघा, लिहिताना हातून गेलंच.) मिशिगनला हरवलं की ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला चड्डीच्या आकाराचं छोटं सोनेरी पदक मिळतं. तेही प्रतिस्पर्धी आपल्यासारखेच एकेक पाय घालून चड्डी चढवतात, असं १९३४ मध्ये तिथला प्रशिक्षक म्हणाला होता, त्यावरून ही प्रथा पडली.

भांडणाचं मूळ शोधायला गेलात तर लोक अजून मागे नेतात, १८३५ पर्यंत. टोलेडोच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि तेव्हाचा मिशिगन प्रदेश यांनी आपापली फौज सीमेवर नेली. या 'युद्धात' रक्त सांडलं ते एका पोलीस अधिकाऱ्याचं, खिशातल्या चाकूनं, आणि तोही वाचला. ओहायोला टोलेडो मिळालं, मिशिगनला भरपाई म्हणून उत्तरेकडचा जंगली भाग आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. मी कोलंबस ते ॲन आर्बर जाते तेव्हा टोलेडो वाटेतच लागतं. दोन्ही बाजूंना तेच मक्याचं शेत, तेच पेट्रोल पंप. सीमा कुठे आली ते फक्त पाटीवरून समजतं.

२०१७ मध्ये मी कोलंबसला आले ती फुटबॉलसाठी नव्हे. एका प्राध्यापकांच्या प्रकल्पाला अनुदान मिळालं होतं आणि त्यांना प्रथिनांच्या रचनेवर काम करणारं कुणी हवं होतं. ते अनुदान ॲन आर्बरमधल्या कुणाला मिळालं असतं तर मी पहिल्या दिवसापासून मिशिगनची झाले असते. पण नोव्हेंबर आला आणि एका सकाळी बघते तर विद्यापीठाच्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम'वर लाल टेपची फुली. मिशिगनचं नावच घ्यायचं नाही, 'ती वरची शाळा' म्हणायचं. आजोबांनी मला लाल टोपी दिली. ती घालून मी किराणा आणायला गेले तर रांगेतला अनोळखी माणूस म्हणाला, "ओ-एच!" त्यावर "आय-ओ!" असं उत्तर द्यायचं असतं, तेवढं मला तोवर शिकवलेलं होतं. मी दिलं. तो खूश होऊन निघून गेला.

तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी मला 'तू मूळची कुठची' हे विचारलं नव्हतं.

हे मी विनोदानं सांगत आले आहे, पण त्यात एक गोष्ट मला खुपते. कोलंबसवर प्रेम करायचं तर कोलंबस माहीत हवं. कुठला पूल कधी बांधला, कोणत्या वस्तीत कोण राहतं, हिवाळ्यात काय खातात. त्याला वर्षं लागतात. मिशिगनचा द्वेष करायला एक टोपी पुरली. 'आपण'मध्ये शिरायचा सगळ्यात स्वस्त दरवाजा 'ते'च्या बाजूनं उघडतो, आणि व्हिसावर राहणाऱ्या माणसाला स्वस्त दरवाजे फार लवकर सापडतात. वैर माझं नव्हतं. उसनं घेतलं होतं, आणि परत करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

निष्ठा योगायोगानं मिळाली म्हणून ती खोटी ठरते का? मला तसं वाटत नाही. माझी मातृभाषाही मी निवडलेली नाही. कॉलेजही खरं तर बारावीच्या टक्क्यांनी निवडलं, तरी पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराबाहेर 'अरे आवाज कुणाचा' करून घसा बसवून घेतलाच. समोरच्या कॉलेजचा लाइट्सचा क्यू चुकावा अशी मनोमन प्रार्थनाही केली. (चुकला नाही. त्यांची एकांकिका चांगली होती, आणि अंधारात मी टाळ्याही वाजवल्या.) सुरुवात कशीही होवो, पुढे त्यात किती दिवस घातले, कुणाबरोबर घातले, यावर ती आपली होते.

म्हणजे प्रेमाचा प्रश्न तसा सुटतो. अडतं ते वैरापाशी. आपला संघ जिंकावा असं वाटणं ठीक. कुणीतरी हरल्याशिवाय कुणी जिंकत नाही. पण दुसऱ्यानं हरावं, आणि हरताना त्याला दुखावं, असं वाटणं ही वेगळी इच्छा आहे. ती मी माझ्यात पाहिली आहे. २०१८ चा सामना मी कोलंबसला स्टेडियममध्ये बसून पाहिला. ओहायो स्टेट ६२-३९ नं जिंकलं. निकाल केव्हाच ठरला होता, तरी आमच्या रांगेतले सगळे आणखी गुण मागत होते. मीही. सत्तर व्हावेत असं मला मनापासून वाटत होतं. दोन पायऱ्या खाली निळ्या जॅकेटमधला दहाबारा वर्षांचा मुलगा बापाच्या कुशीत तोंड खुपसून बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली.

घरी येताना आजोबा गाडीत गप्प होते. मला वाटलं दमले. मग म्हणाले, ५० गुण झाले तेव्हाच थांबायला हवं होतं. १९६८ मध्ये ओहायो स्टेटनं मिशिगनला ५०-१४ असं हरवलं तेव्हा ते स्वतः विद्यार्थी होते. एवढे गुण झाल्यावरही प्रशिक्षक वुडी हेज यांनी एका गुणाऐवजी मुद्दाम दोन गुणांचा प्रयत्न केला होता. पुढच्या वर्षी मिशिगनकडे बो शेम्बेकलर आले, हेज यांच्याच हाताखाली खेळलेले आणि शिकलेले, आणि त्यांनी तोवर अजिंक्य असलेल्या गुरूला २४-१२ असं हरवलं. आजोबांच्या मते ते वरच्या दोन गुणांचं व्याज होतं.

ही गुरुशिष्यांची जोडी दहा वर्षं एकमेकांविरुद्ध उभी राहिली. १९७८ अखेर हेज यांनी दुसऱ्याच एका संघाच्या खेळाडूला मैदानाच्या कडेला ठोसा मारला आणि त्यांची नोकरी गेली. मिशिगनविरुद्ध इतकी वर्षं जपलेला राग शेवटी फुटला तो ज्याच्याशी काही वैरच नव्हतं अशा पोरावर. मला ही गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. पण याच हेज यांनी १९८७ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, प्रकृती ढासळलेली असताना डेटनला जाऊन एका कार्यक्रमात शेम्बेकलर यांची ओळख करून दिली. आणि २००६ मध्ये सामन्याच्या आदल्या दिवशी शेम्बेकलर गेले, तेव्हा कोलंबसच्या त्याच स्टेडियममध्ये सगळे त्यांच्यासाठी शांत उभे राहिले. मरणाबरोबर वैर संपतं, हे रामानं बिभीषणाला सांगितलेलं आपण लहानपणापासून ऐकतो. इथे कुणी ते ऐकलेलं नव्हतं, तरी पाळलं.

मग हे वैर म्हणजे भातुकली म्हणायची का? लुटुपुटूचं, आईनं हाक मारली की संपणारं? बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं. पण भातुकलीत कुणी मरत नाही. कोलंबसला या आठवड्यात रात्री थंडगार मिरर लेकमध्ये उड्या मारायची प्रथा होती. २०१५ मध्ये एक विद्यार्थी त्यात गेला आणि ती प्रथा थांबली. गेल्या वर्षी मिशिगन १३-१० नं जिंकल्यावर त्यांच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली आणि पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. खेळाडूंची डोकी आपटतात त्याबद्दल तर आम्ही प्रेक्षक बोलतही नाही. उलट बाजूला, याच दोन विद्यापीठांचे विद्यार्थी दर नोव्हेंबरात कोण जास्त रक्तदान करतं याची चुरस लावतात, आणि ती चारेक दशकं चालली आहे. तीच ईर्षा, तेच रंग. आत काय ओतायचं हे भांडं ठरवत नाही.

जोसाया रॉइस नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९०८ मध्ये निष्ठेवर एक पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा माझ्या शब्दांत असा: निष्ठा कशावर आहे यापेक्षा निष्ठा असणं हीच मोठी गोष्ट, म्हणून आपली निष्ठा अशी जगावी की समोरच्याची मोडणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते भाबडं वाटलं. आता वाटतं, 'द गेम'ची खरी गंमत त्याला कळली असती. कोलंबसच्या माणसाला या शनिवारी काय होतं, ते कॅलिफोर्नियातल्या कुणाला कळणार नाही. ते कळतं फक्त ॲन आर्बरच्या माणसाला. गेल्या मोसमात मिशिगनकडून हरूनही ओहायो स्टेट पुढे राष्ट्रीय विजेते झाले, तरी आजोबा म्हणतात, "हो, पण ते १३-१०." त्या निळ्या जॅकेटमधल्या मुलाला मी त्या दिवशी पाहिलं ते असं समजून घेण्यासाठी नव्हे. पण या स्टेडियममध्ये मला सगळ्यात जवळचं कुणी होतं तर तोच होता.

गेल्या वर्षीच्या त्या १३-१० चंही सांगायला हवं. सामना कोलंबसला, मी इथे, लॅबमधल्या एकीच्या घरी, टीव्हीसमोर. सगळे निळ्यात. ॲन आर्बरला येऊन मला सव्वा वर्ष झालं होतं, आणि मी ठरवून तटस्थ होते. शेवटच्या मिनिटाला मिशिगननं किक मारून तीन गुण घेतले आणि मी सगळ्यांबरोबर उडी मारली. नाटक नव्हतं. खरंच आनंद झाला. फोन पाहिला तर आजोबांचा निरोप होता: 'तुझे लोक छान खेळले.' मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

मी फितूर झाले का? खेळाडू आता दरवर्षी विद्यापीठं बदलतात, त्यांना कुणी फितूर म्हणत नाही, आणि पोस्टडॉक तर मुदतीवरच जगतो. माझा करार पुढच्या ऑगस्टपर्यंत आहे, नंतर कदाचित तिसरंच राज्य, तिसरीच टोपी. पण त्या निरोपानं मला दुखलं ते टोपीमुळे नाही. त्यांनी मला दोष दिला नव्हता. ज्या माणसानं मला त्याच्या 'आपण'मध्ये घेतलं, त्याला माझं 'आपण' बदललंय हे टीव्हीसमोर एकटं बसून समजलं होतं, आणि तरी त्यानं अभिनंदन पाठवलं होतं. निष्ठा संघाशी होती की त्यांच्याशी, हे मी त्याआधी कधी वेगळं केलंच नव्हतं.

यंदा ओहायो स्टेट अजून एकही सामना हरलेली नाही. गेली चार वर्षं मिशिगन जिंकत आलं आहे. आजोबांनी आयुष्यभर 'ती वरची शाळा' म्हटलं, आणि आता गुडघ्याला पट्टा बांधून तिच्याच एक लाख लोकांत लाल टोपी घालून बसायला येताहेत. त्यांना जिंकलेलं पाहायचंय. मला तेही हवंय आणि माझ्या लॅबमधल्या मुलांनी सोमवारी हसत यावं हेही हवंय. दोन्ही एकदम होणार नाही एवढं गणित मला येतं.

काल मी दुकानात जाऊन कुठलंही चिन्ह नसलेला साधा राखाडी स्वेटर घेतला. म्हटलं, हा बरा, कुणाच्याच बाजूचा नाही. आज तो घालून लॅबमध्ये गेले तर एकजण बघतच राहिला. "अच्छा, म्हणजे ठरलं तर तुझं!" मला कळेना. मग आठवलं, ओहायो स्टेटचे रंग दोन आहेत: लाल आणि राखाडी. सहा वर्षं मी फक्त लालच पाहत होते.

पावती अजून पर्समध्ये आहे. आजोबा उद्या दुपारी पोचतील.