दहा किलोंचा शिधा

झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९पासून क्षयरुग्णांची नोंद घेताना प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं केलं जात होतं. पुरुषांचं सरासरी वजन भरलं ४२.६ किलो, बायकांचं ३६.१. ज्याच्या मजुरीवर घर चालायचं, त्याचं वजन शहरातल्या सातवी-आठवीच्या मुलाएवढं. २,८०० रुग्णांपैकी ८२ टक्के कमी वजनाचे होते. १७ टक्क्यांची अवस्था तर अशी, की क्षय बाजूला ठेवला तरी नुसत्या कुपोषणासाठी त्यांना दवाखान्यात दाखल करून घ्यावं.

डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झालेली ही ‘रॅशन्स’ चाचणी. क्षयाची औषधं सरकारकडून फुकट मिळतच होती. या डॉक्टरांनी त्यांच्या जोडीला दर महिन्याला दहा किलोंचा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दुधाची पावडर, तेल, आणि सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. शिधा सगळ्या रुग्णांना मिळाला. फरक केला तो त्यांच्या घरच्यांत. निम्म्या भागांत घरातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ जादा पोचली. उरलेल्या भागांतली घरं रोजचं जे होतं तेच खात राहिली.

घरात एकाला क्षय झाला की बाकीच्यांच्या डोक्यावर टांगती तलवार असते. एकाच खोलीत झोपणं, एकाच चुलीपाशी बसणं चुकत नाही. म्हणून घरच्यांवर लक्ष ठेवलं गेलं, आणि २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. शिधा न मिळालेल्या ४,७२४ जणांपैकी १२२ जणांना क्षय झाला. शिधा मिळालेल्या ५,६२१ जणांपैकी ९६ जणांना. काळाचा हिशेब धरून हे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरलं. नवी लस नाही, नवं यंत्र नाही. डाळ-भात.

रुग्णांच्या वजनाची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ६१ टक्क्यांनी कमी आढळलं. ४० किलोच्या माणसाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो. अंगावर मांस नसलं की शरीर जंतूशी झुंजणार कशाच्या जोरावर? शिवाय पोट रिकामं असताना गोळ्यांनी मळमळतं, मळमळलं की डोस चुकतो. डोस चुकत गेले की औषधांना दाद न देणारा क्षय होण्याचा धोका, आणि त्याच्या उपचारांचा खर्च साध्या क्षयाच्या कितीतरी पट.

मग शिध्याने आरोग्याचा खर्च वाचतो असं म्हणायचं का? इथे हिशेब नीट मांडायला हवा, कारण अन्नाची बाजू घेणारेच पुष्कळदा तो घाईने मांडतात. घरच्या एका माणसाच्या शिध्याला २०१९च्या भावाने महिन्याला सुमारे सव्वातीनशे रुपये लागत. चाचणीच्या आकड्यांनुसार क्षयाचा एक नवा रुग्ण टाळायला ३० घरांतल्या १११ माणसांना जेवू घालावं लागतं. सहा महिन्यांचे होतात दोन लाख सोळा हजारांच्या आसपास. साध्या क्षयाच्या गोळ्यांची किंमत याच्यापुढे किरकोळ. नुसता औषधांचा खर्च समोर ठेवला तर शिधा महागच दिसणार.

पण औषधखर्चाच्या त्या वहीत बऱ्याच गोष्टी लिहिलेल्याच नसतात. आजारपणात बुडालेली मजुरी नसते, सावकाराकडून काढलेलं कर्ज नसतं, आईच्या जागी चुलीपुढे बसल्यामुळे शाळा सुटलेली मुलगी नसते. त्या एका रुग्णाकडून पुढे ज्यांना लागण झाली असती, ते नसतात. आणि १११ माणसं सहा महिने पोटभर जेवली, हेही नसतं. शिध्याचे पैसे एका खात्यातून जातात आणि बचत दुसऱ्याच घरात, दुसऱ्याच वर्षी उगवते. मंजुरीची सही करणाऱ्याला ती कधी दिसत नाही.

हा खात्यांचा पेच जुना आहे. अमेरिकेत मिसिसिपीतल्या माउंड बायू इथे डॉ. जॅक गायगर यांच्या आरोग्यकेंद्राने १९६०च्या दशकात उपाशी मुलांच्या घरच्यांना चक्क दूध, भाज्या, मांस यांच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. गावातले किराणा दुकानदार माल देत आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर लावत. वरून विचारणा झाली, तेव्हा गायगर यांचं उत्तर सरळ होतं: कुपोषणावर पुस्तकात दिलेला उपचार अन्न हाच आहे.

त्याच देशात कॅलिफोर्नियातल्या गरीब वस्त्यांमधल्या नोंदींत पुढे एक गोष्ट आढळली. रक्तातली साखर एकदम उतरल्यामुळे दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त होतं. पैसे संपले, डबे रिकामे झाले, मधुमेहाचं औषध मात्र चालू. महिनाअखेर म्हणजे काय, हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको.

अन्न दिल्याने सगळीकडे फरक पडतोच असं नाही, हेही नोंदवायला हवं. मधुमेहींना आठवड्याला दहा जेवणांपुरतं सकस अन्न देणाऱ्या एका अमेरिकी चाचणीत साखर उतरली खरी, पण अन्न न मिळालेल्या गटातही ती जवळपास तेवढीच उतरली. म्हणजे कोणाला, काय आणि किती द्यायचं हे ठरवावं लागतं. उपाशी माणसाला जेवण दिल्याने जे होतं, ते चुकीचं खाणाऱ्याला भाजी दिल्याने होईलच असं नाही.

जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे एक भारतातला आहे, आणि आपल्याकडे प्रश्न अजून पहिल्या प्रकारचाच आहे. केंद्र सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८पासून रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. दिवसाचे तेहेतीस रुपये. वाढ चांगलीच आहे, पण झारखंडमधल्या रुग्णाचा शिधाच २०१९च्या भावाने अकराशेच्या घरात जात होता.

सरकारी रकमेची कमतरता थोडीफार भरून काढायची सोय २०२२पासून आहे. कोणीही नागरिक, मंडळ किंवा सोसायटी ‘निक्षय मित्र’ म्हणून नाव नोंदवून एका रुग्णाच्या शिध्याची जबाबदारी किमान सहा महिने घेऊ शकते, आता त्याच्या घरच्यांचीही. फराळाचं सामान भरताना त्याच यादीत पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ लिहा, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा आपल्या भागातल्या आशाताईंकडे चौकशी करा. रुग्णाच्या घरच्या एका माणसाचा महिन्याचा जादा शिधा त्यात निघतो.