उरलेली गोळी आणि आपला शेजारी

धाकट्याचा कान पुन्हा वाहू लागतो. थोरल्याच्या घसादुखीतून उरलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या गोळ्या फडताळात असतात. आई त्यांतली एक मायेने त्याला देते. या मायेत दोष तो कसला?

महिनोन्महिने वाहणाऱ्या कानाच्या पडद्याला बहुधा छिद्र असते. तेथे प्रामुख्याने स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू आढळतात. चिकट थराखाली वस्ती करून राहिल्याने ते औषधाला सहजासहजी दाद देत नाहीत. अ‍ॅमॉक्सिसिलिनला तर स्यूडोमोनास मुळीच जुमानत नाही. डॉक्टरांकडून कान तपासून, स्वच्छ करून योग्य थेंब घालणे, हाच तेथे प्रथमोपचार. पोटात गेलेली गोळी मात्र घशातील आणि आतड्यातील दुबळे जिवाणू मारते व चिवटांना मोकळे रान देते. तेच पुढे घरात, शाळेत, शेजारी पसरतात.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक कथा सांगितली होती. एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून अपुरे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. ते पत्नीला जडतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती दगावते. फ्लेमिंग यांनी दोष पतीच्या निष्काळजीपणाला दिला. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

जे जाणणे आपले कर्तव्य होते आणि जे जाणता आले असते, त्याविषयीचे अज्ञान निर्दोष नसते, अशी संत थॉमस अ‍ॅक्विनास यांची शिकवण आहे. काल अजाणतेपणी गोळी देणारी आई कदाचित निर्दोष असेल; आज हे कळल्यावर आपल्यापैकी कोणालाच ती सबब उरत नाही. प्रतिजैविकाचा गुण ही साऱ्या मानवजातीची सामाईक ठेव आहे. पैसे मोजून गोळी आपली होते, ती ठेव होत नाही.

पण जिच्यापाशी तपासणीचे पैसेच नाहीत, त्या आईला एकटीला दोषी कसे धरावे? तिचा शेजारी म्हणून आपण काय केले, हा प्रश्न आधी येतो. मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, प्रभू येशू बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो आणि त्याच्या कानांत बोटे घालतो. त्या एकासाठी तो थांबला. वाहत्या कानाच्या लेकराला डॉक्टरांच्या दारापर्यंत सोबत करणे, ही आपली प्रीती. उरलेली गोळी देणे नव्हे.