चापाचा भार

आश्विन शुद्ध दशमीला नागपुरात दोन भिन्न परंपरा एकाच सूर्याखाली नांदतात. एकीकडे शस्त्रपूजनाचा विधी पोलिसांच्या शस्त्रागारांपासून रेशीमबागेच्या मैदानापर्यंत श्रद्धेने पाळला जातो. दुसरीकडे, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, याच तिथीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या भूमीवर लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर प्राणिहत्येपासून विरत राहण्याचे पहिले शील असंख्य कंठांतून उच्चारले जाते. शस्त्राला हळदकुंकू वाहणारा आणि शीलाचा उच्चार करणारा, दोघेही आपापल्या परीने एका प्रश्नापाशी येऊन थांबतात: हत्या ही कृती अंतःकरणात कोठे सुरू होते, हातात कोठे उतरते, आणि हत्याराच्या घडणीत फेरफार केल्याने तिच्या दोषाचे माप बदलते काय? हा प्रश्न अमूर्त ठेवला तर त्याला शेवट नाही. म्हणून मी तो एका ठोस जिनसेवर आणून ठेवतो. ती जिन्नस म्हणजे डबल अॅक्शन रिव्हॉल्व्हरचा चाप, आणि त्याची ओढ गुळगुळीत व हलकी करून घेण्याची हत्यार बाळगणाराला होणारी इच्छा.

जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रथम अंगठ्याने मागे ओढावा लागे आणि मगच चाप काम देई. १८५१ साली लंडनमध्ये रॉबर्ट अॅडम्स यांनी जी रचना पुढे आणली, तिच्यात चापाच्या एकाच ओढीने गोळ्यांचे चक्र एक घर पुढे सरकते, घोड्यामागची स्प्रिंग दाबली जाते, घोडा उचलला जातो आणि ओढीच्या अगदी अखेरीस तो सुटून बार पेटविणाऱ्या टोपीवर आदळतो. पुढे या दोन्ही सोयी एकाच हत्यारात आल्या. कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारे, नागरी परवान्यावर मिळू शकणारे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर त्याच कुळातले आहे. घोडा आधी ओढून ठेवलेला असेल तर चापाला सुमारे दोन किलोंचा जोर पुरतो. घोडा खाली बसलेला असताना मात्र त्याच बोटाला साधारण पाच किलोंचा भार बऱ्याच लांबवर खेचून न्यावा लागतो. हा भार कमी भासावा म्हणून एक तर परस्परांवर घासणाऱ्या पोलादी पृष्ठभागांची खरखर बारीक दगडाने काढतात, किंवा स्प्रिंगाच अशक्त करतात. घोड्याची स्प्रिंग फाजील नरम झाली तर टोपी पेट घेत नाही, चाप परत आणणारी स्प्रिंग नरम झाली तर चाप मागेच रेंगाळतो, आणि घोडा ज्या कडेवर अडतो तिचा कोन बिघडला तर तो नको त्या क्षणी सुटण्याचे भय राहते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने हत्यारांच्या दुरुस्तीचा धंदाही परवान्याच्या बंदोबस्तात ठेवला आहे, तो उगीच नव्हे.

कारागिरीची बाजू येथे संपते. धर्मविचाराची बाजू मात्र येथेच सुरू होते, आणि ती विलक्षण सूक्ष्म आहे.

बुद्धघोषाचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली भाष्यांमध्ये, प्राणिहत्येची पाच अंगे सांगितली आहेत: समोर प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव असणे, वधाचे चित्त असणे, त्या दिशेने उपक्रम होणे, आणि त्या उपक्रमाने मरण घडणे. यांतले चौथे अंग, म्हणजे प्रत्यक्ष प्रयत्न, हे केवळ मनाचा संकल्प देहाकडे पोचविणारे निरोप्याचे काम करीत नाही. आचार्यांनी दोषाचे तारतम्य ठरविताना त्या प्रयत्नाचेही वजन हिशेबात धरले. मोठ्या देहाच्या प्राण्याचा वध लहान प्राण्याच्या वधाहून अधिक सदोष का, याचे एक कारण त्यांनी असे दिले की त्यासाठी करावा लागणारा प्रयत्न मोठा असतो. आणि देह व गुण सारखे असतील तेथे क्लेशांची व प्रयत्नाची तीव्रता पाहावी असे सुचविले. याचा अर्थ मला असा लागतो की, ज्याला अधिक ओढावे लागते त्याला ओढता ओढता अधिक वेळा संमती द्यावी लागते, आणि प्रत्येक संमती कर्माच्या खात्यावर स्वतंत्रपणे जमा होते.

मग ज्याने चाप हलका करून घेतला त्याचा दोषही हलका झाला असे म्हणावयाचे काय? शब्दशः वाचले तर तसे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो मोह खोटा आहे, आणि तो खोटा का, हे जैन आचार्यांनी केलेल्या विभागणीवरून फार स्वच्छ कळते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत: संरंभ म्हणजे संकल्प, समारंभ म्हणजे साधनांची जुळवाजुळव, आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष कृतीस हात घालणे. या तिहींना मन, वाणी व काया या तीन योगांनी, स्वतः केलेले, करविलेले व अनुमोदिलेले या तीन प्रकारांनी, आणि क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांनी गुणून एकशे आठ भेद होतात. गृहस्थाच्या व्रतांचा विचार करताना जैन आगमांनी तर हत्याराचे सुटे भाग जोडून ते वापरास सज्ज ठेवणे हाही एक अतिचार, म्हणजे व्रताला लागणारा दोष, गणला आहे. शस्त्र उचलण्याच्या कितीतरी आधी हिंसेची वही उघडलेली असते, हे ज्यांनी इतक्या काटेकोरपणे पाहिले, त्यांच्या दृष्टीपुढे चाप घासणारा कारागीर आणि तो घासून घेणारा मालक हे दोघेही सुटत नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे की चाप हलका केल्याने प्रयत्न नाहीसा होत नाही. तो काळात मागे सरकतो. जो भार संतापाच्या क्षणी बोटाला उचलावा लागला असता, तो एखाद्या निवांत दुपारी दगडाने व स्प्रिंगेने आधीच उचलून ठेवला जातो. आणि या सरकण्यानेच दोषाचे स्वरूप गंभीर होते. १८६० च्या भारतीय दंडविधानाने गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाच्या भरात घडलेल्या वधाला खुनाच्या कलमातून अपवाद दिला होता, कारण त्या क्षणी माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो हे कायदेकारांनी ओळखले होते. परंतु ज्याने शांत चित्ताने, पुरेसा वेळ काढून, आपल्या पुढील प्रक्षोभाची वाट सुलभ करून ठेवली, त्याला निदान धर्माच्या न्यायासनापुढे तरी त्या आकस्मिकपणाचा आसरा कसा घेता येईल? बोट क्षणात हलले असेल. त्या बोटापुढचा अडसर मात्र विचारपूर्वक काढला गेला होता.

त्या अडसराचे मोल महाभारतकारांनी फार पूर्वी जाणले होते. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही आपापले अस्त्र सोडतात, आणि ऋषी मध्ये पडून ती परत घेण्यास सांगतात तेव्हा संयमी अर्जुन आपले अस्त्र आवरून घेतो, अश्वत्थाम्याला मात्र ते आवरता येत नाही आणि ते उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडते. अस्त्र सोडण्याचे सामर्थ्य दोघांपाशी सारखेच होते. अंतर होते ते परत घेण्याच्या सामर्थ्याचे. डबल अॅक्शनच्या लांब, जड ओढीत हेच परत घेणे यंत्राच्या पातळीवर जिवंत राहते: ओढ अर्ध्यावर आली असताना बोट सैल केले तर घोडा पुन्हा आपल्या जागी बसतो आणि गोळी सुटत नाही. घोडा आधीच ओढून ठेवलेला असला तर ती सवड उरत नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क येथील पोलिस दलांनी एका काळी आपल्या शिपायांच्या रिव्हॉल्व्हरमधून घोडा ओढून ठेवण्याची सोयच काढून टाकली, तिच्यामागचे शहाणपण मला याच जातीचे वाटते.

याच्या उलट बाजूस मोठे बळ आहे, आणि ते मी झाकून ठेवणार नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी पुढे पिस्तुले घेतली तेव्हाही चाप मुद्दाम जड, सुमारे साडेपाच किलोंचा, ठेवला होता. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीसमोर एका मारेकऱ्यावर त्यांनी गोळ्या झाडल्या तेव्हा रस्त्यावरचे नऊ वाटसरू जखमी झाले, आणि ते सर्व पोलिसांच्याच गोळ्यांनी वा त्यांच्या तुकड्यांनी. जड चाप ओढताना नळी ढळते, असा आक्षेप त्यानंतर जोराने घेतला गेला, आणि तो निराधार म्हणता येत नाही. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या निर्वाणानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड यांत भेद केला, आणि अहिंसा हा आंधळा नियम न मानता विवेकाने वापरावयाचे तत्त्व मानले. ज्या अंमलदाराला खरोखर निकडीने शस्त्र उचलावे लागते, त्याची गोळी भलत्याला लागू नये ही चिंता करुणेतूनच उपजते. तिला हिंसेची सोय म्हणून हिणविणे हा अन्याय होईल.

म्हणूनच गुळगुळीत करणे आणि हलके करणे यांत मी भेद करतो, जरी कारागिराच्या मेजावर ही दोन्ही कामे बहुधा एकाच बैठकीत उरकली जातात. खरखर काढल्याने बोटाला चापाची वाट नीट कळते. आपण कोठवर आलो, अजून किती उरले, कोठे थांबता येईल, हे त्याला जाणवते, आणि ज्याला बौद्ध परंपरा स्मृती म्हणते त्या सावधपणाला त्याने साहाय्यच होते. खरखरीत चाप अडखळत, हिसके देत पुढे जातो आणि शेवटच्या हिसक्यात माणसाला स्वतःच्या निर्णयाचीही चाहूल लागू देत नाही. स्प्रिंग अशक्त करणे ही निराळी गोष्ट आहे: तेथे जाणीव वाढत नाही, फक्त संमतीची किंमत उतरते. आणि नळी ढळते हा आक्षेप खरा असला तरी त्याचे उत्तर स्प्रिंगेत शोधण्याचे कारण नाही. रिकाम्या चक्रावर, काडतुसे दूर ठेवून, उस्तादाच्या देखरेखीखाली पाच किलोंची ती ओढ नळी न हलविता पुन्हापुन्हा करीत राहिले तर बोट, मनगट आणि श्वास हळूहळू एका लयीत येतात. असा सरावही शांत वेळीच करावयाचा असतो, त्यालाही श्रम पडतात, पण ते श्रम हत्यारावर खर्च न होता माणसावर खर्च होतात, आणि चापाचा भार जेथे होता तेथेच राहतो.