रविवार कोणाचा?

पंचांगातला रविवार सूर्याचा, जेजुरीचा रविवार खंडोबाचा. पण चाकरमान्यांच्या घरातला रविवार त्या घराचा असतो. उशिरा उठावे, दुसऱ्यांदा चहा मागावा, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचावे, डोक्यावरून नहावे, जेवून आडवे व्हावे, तीनच्या खेळाला जावे आणि रात्री आजोबांच्या जुन्याच गोष्टी नव्याने ऐकत लोळावे, असा हा दिवस. सोमवारी कोणी विचारले, "काल काय केलेत?" तर उत्तर येते, "काही नाही." या 'काही नाही'त मोठे सुख आहे. लग्नाचे, परीक्षेचे, मरणाचे दिवस बोटांवर मोजण्याइतके. उरलेले सारे आयुष्य अशा 'काही नाही'नेच भरायचे असते.

पण घरातली सगळीच माणसे सोमवारी हे उत्तर देऊ शकतात का? मला वाटते, रविवारविषयी विचारण्यासारखा खरा प्रश्न एवढाच आहे.

ही सुट्टी आपल्याला आयती मिळालेली नाही. सरकारी कचेऱ्यांना ती साहेबाच्या देवळामुळे लाभली. गिरणी कामगाराला मात्र ती झगडून घ्यावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांचे म्हणणे साधे होते : माणूस यंत्र नाही, आठवड्यातला एक दिवस तरी त्याचा स्वतःचा असला पाहिजे. गिरणीचा भोंगा रविवारी थांबला. सभेत बोलणाऱ्या त्या दोघी मात्र रविवारी घरी राहिल्या, म्हणजे बहुधा चुलीपाशी राहिल्या असतील. चुलीला भोंगा नाही. म्हणून ती बंद कधी व्हावी हे ठरवायला कोणी सभाही भरवली नाही.

उलट, घरातल्या इतरांची सुट्टी म्हणजे तिचे दुप्पट काम. डबे नसतात, पण गरम पोळी हवी असते. आठवड्याचे कपडे, पांघरुणे, गहू निवडणे, मसाला कुटणे, ओट्याखालचे डबे पुसणे ही सारी कामे रविवारसाठी राखून ठेवलेली. त्यात दुपारी अचानक पाहुणा. २०१९ साली भारत सरकारने माणसे आपला वेळ कशी घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि शंभरातले सुमारे चौऱ्याहत्तर पुरुष या हिशेबात नव्हतेच. कारण त्यांनी कामाला हातच लावला नव्हता.

तीनच्या खेळाची खरी थोरवी इथे कळते. त्या काळोखात घरातली सगळी माणसे एका रांगेत, सारख्याच खुर्च्यांवर बसतात. तिथे कोणाला आईकडे पाणी मागता येत नाही. दूध उतू जात नाही. दाराची कडी वाजत नाही. तीन तास तिचे हात मांडीवर रिकामे असतात. पडद्यावर काय चालले आहे याला तितके महत्त्व नाही. डोळ्यांतले पाणी पुसायला तिला पदर मोकळा मिळतो, हे महत्त्वाचे. आता चित्रपट घरातच, हातातल्या मोबाइलवर किंवा भिंतीवरच्या टीव्हीवर येतो. सोय मोठीच झाली. पण घरात चित्रपट चालू असताना मध्येच उठून कुकरची शिट्टी मोजायला कोण जाते, हे एकदा पाहावे.

दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६ साली मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला. लोक गेले ते तुकोबांच्या दर्शनाला. विष्णुपंत पागनीस पडद्यावर दिसले की प्रेक्षकांचे हात जोडले जात. पण घरी परतल्यावर बायका बोलत असतील त्या गौरीबाईंच्या जिजाईविषयी, असे मला नेहमी वाटते. नवरा अभंगात रंगलेला आणि पोरांच्या पोटाची चिंता तिला. शेवटी तुकोबा विमानातून वैकुंठाला जातात; जिजाई घर आणि मुले यांच्यापाशी मागे राहते. वैकुंठाला जायलाही सवड लागते.

चातुर्मासातली आदित्यराणूबाईची कहाणी तर रविवारचीच. गरीब ब्राह्मणाला वसा मिळतो, भाग्य उजळते. एक मुलगी राजाला दिलेली, दुसरी प्रधानाला. बाप राणीकडे जातो आणि म्हणतो, माझी कहाणी ऐक. ती म्हणते, मला वेळ नाही, राजा शिकारीला निघाला आहे. प्रधानाची बायको ऐकते. पुढे ऐकणारी सुखी होते आणि न ऐकणारीला दारिद्र्य येते. लहानपणी यातून एवढेच शिकवतात की वडील माणसाचे ऐकावे. पण राणीला वेळ का नव्हता? शिकारीला ती जाणार नव्हती, राजा जाणार होता. त्याच्या मौजेची तयारी हे तिचे काम होते. सुट्टी राजाची आणि न ऐकल्याचा दोष मात्र राणीचा. घरोघरच्या गोष्टींचेही असेच होते. आजोबांचा पूर, काकांची पळालेली म्हैस, मामांची चुकलेली गाडी या गोष्टी बसणाऱ्यांनी सांगितलेल्या आणि बसणाऱ्यांनी ऐकलेल्या. स्वयंपाकघरातल्या बाईला त्यांचे शेवट तेवढे ठाऊक असतात. कारण हसण्याचा आवाज आला की ती दारापर्यंत येते. तिची स्वतःची गोष्ट कोणी ऐकलेलीच नसते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो घरातल्या बायकाच घेतात. "माझ्या स्वयंपाकघरात कोणाची लुडबुड नको. चार माणसे पोटभर जेवली की मला सुट्टीच मिळाली." हे खोटे नसते. करून वाढण्यात आनंद आहे, अधिकारही आहे. पण ज्या कामात आनंद आहे ते एखाद्या रविवारी टाकून देण्याची मोकळीकही हवी. कोणाची परवानगी न मागता आणि कोणाची उपासमार न होता ती ते टाकू शकते का? शकत असेल तर तो आनंद तिचा. नसेल, तर तिने आपल्या अडचणीलाच आवड म्हटले आहे, आणि ते ऐकून घेणे आपल्याला फार सोयीचे पडले आहे.

म्हणून घरकामच नसावे असे मी म्हणत नाही. ओसरीवर परात ठेवून चौघांनी मटार सोलावेत, चिंचोके काढावेत, वाल सोलावेत, तेव्हा गप्पा जशा रंगतात तशा रिकाम्या हातांनी रंगत नाहीत. काम वाईट नाही. एकटीने भिंतीआड करायचे काम वाईट. ते घराच्या मध्यावर आणून ठेवले की त्याचे ओझे उरत नाही, त्याचे निमित्त होते. आणि शेंगा सोलता सोलता एखादे मूल विचारते, "आई, तू लहान असताना काय झाले होते?" तेव्हा तिला उत्तर द्यायला सवड असते.

दिवाळीत सोऱ्या दाबायला घरातला दांडगा हात लागतो, करंज्या भरायला चार जण बसतात. फराळाच्या निमित्ताने वर्षातून चार दिवस आपल्याला हे जमते. लोखंड्यांनी मागितलेला दिवस तर दर आठवड्याला येतो.