मद्य आणि स्मरण

उपदेश घेणाऱ्या वासनिकास आरंभीच सप्तव्यसनांचा त्याग सांगितला जातो. त्या सातांत मद्य आहे हे सर्वांस ठाऊक असते. त्याचा निषेध नेमका कशासाठी, हे मात्र क्वचितच विचारले जाते. ‘निषिद्ध म्हणून पिऊ नये’ एवढे उत्तर मागील पिढीस पुरत असे. आजचा विशीतला तरुण तेवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो की, परीक्षेचा ताण आहे, नोकरी लागत नाही, शेतात घातलेला पैसा निघत नाही, घरी बोलणी खावी लागतात. अशा वेळी घटकाभर डोके हलके झाले तर कोणाचे काय गेले? या प्रश्नाला केवळ धाकाने उत्तर देता येत नाही. त्यात एक सत्य आहे, आणि ते आधी मान्य करूनच पुढे जावे लागते.

मद्याने ताण उतरतो, हे खरे आहे. मेंदूतील पेशी रासायनिक द्रव्यांच्या योगाने एकमेकींना संदेश देतात. त्यांत ‘गाबा’ हे द्रव्य पेशींना शांत करणारे, तर ‘ग्लुटामेट’ हे त्यांना उत्तेजित करणारे आहे. मद्य पहिल्याचा प्रभाव वाढवते व दुसऱ्याचा दाबते. म्हणून भय ओसरते, जीभ सैल होते, काळजी दूर गेल्यासारखी वाटते. परंतु मेंदू हे निमूटपणे सोसणारे इंद्रिय नव्हे. बाहेरून वारंवार शांतता लादली जाऊ लागली की तो तोल राखण्यासाठी स्वतःची शांतवणारी शक्ती मंद करतो आणि उत्तेजना वाढवून ठेवतो. रात्रीचे मद्य पहाटे उतरते, वाढवलेली उत्तेजना मात्र तशीच राहते. मग छातीत धडधड, हातास कंप, विनाकारण भीती, तुटक झोप. शिवाय अतिमद्यपानाने ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारे कॉर्टिसॉल हे द्रव्यही वाढते. सावकार जसा हातउसने देऊन शेत लिहून घेतो, तसाच हा व्यवहार आहे. काल जो ताण विसरण्यासाठी प्याला होता तो ताण आज आहेच; त्यावर मद्याने उत्पन्न केलेला नवा ताण चढला आहे; आणि या दुसऱ्याला तरुण पहिलाच समजतो. तो फेडण्यासाठी पुन्हा पितो. व्यसनाच्या या अवस्थेस अमेरिकेतील संशोधक जॉर्ज कूब यांनी ‘काळी बाजू’ असे नाव दिले: येथे मनुष्य सुखासाठी पीत नाही, न पिण्याचे दुःख टाळण्यासाठी पितो.

तरुणाच्या बाबतीत हे अधिक घातक ठरते, कारण त्याचा मेंदू अद्याप घडत असतो. कपाळामागील जो भाग पुढचा-मागचा विचार करतो, आवेग आवरतो, ‘आता पुरे’ म्हणतो, तो सर्वांत शेवटी, सुमारे पंचविशीपर्यंत, परिपक्व होतो. भय व क्षोभ उठवणारा भाग मात्र त्याआधीच बलवान झालेला असतो. म्हणजे घोडा वयात आला आहे आणि लगाम अजून वळला जात आहे. नेमक्या त्याच काळात मद्य लगामाचे सूत कुरतडते. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी कायद्याने २५ वर्षे वयाची अट घातलेली आहे. ती मेंदूचा अभ्यास करून घातलेली नसावी, पण आकडा जुळतो खरा. ती पाळली किती जाते, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी सायंकाळी फेरफटका मारणाऱ्यास सांगावयास नको.

‘अति’ कशास म्हणावे, याविषयीही भ्रम असतो. अमेरिकेच्या मद्यविषयक राष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये ठरवलेल्या व्याख्येनुसार सुमारे दोन तासांत पुरुषाने पाच व स्त्रीने चार मापे घेणे हे अतिमद्यपान होय. एका मापात १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क धरला जातो. आपल्याकडे ज्या १८० मिलिलीटरच्या बाटलीस ‘क्वार्टर’ म्हणतात, तीत ४२.८ टक्के तीव्रतेच्या हिशेबाने सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. एक क्वार्टर संपवून वर थोडी घेणारा ‘मी प्रमाणात पितो’ म्हणतो, तेव्हा तो ती मर्यादा ओलांडून बसलेला असतो.

येथे एक शंका संभवते. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत. मेंदू हा देहाचा, म्हणजे प्रपंचाचा भाग. तो बिघडला तर जीवाचे काय बिघडले? समाधान असे की, जीव बद्धमुक्त आहे, अविद्येने आच्छादलेला असूनही सुटण्यास योग्य आहे, आणि ती सुटका साधण्याची संधी त्याला मनुष्यदेहीच मिळते. नाव ही नावाड्याहून भिन्न आहे म्हणून भर नदीत तिला भोक पाडावे, असे कोणी म्हणत नाही. आणि मद्य भोक पाडते ते नेमके कोठे, हे पाहिले म्हणजे निषेधाचे मर्म उमगते.

साधकाचा नित्य आचार म्हणजे स्मरण: परमेश्वराचे नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे. पंथाचा आद्य ग्रंथही स्मरणातूनच उभा राहिला. स्वामींच्या प्रयाणानंतर भटोबासांच्या साहाय्याने म्हाइंभटांनी, ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या अशांकडे जाऊन, त्यांच्या आठवणींतून लीळाचरित्र सिद्ध केले. त्या भक्तांचे स्मरण क्षीण असते तर आज हाती काय राहिले असते?

मेंदूत नवी आठवण नोंदवणारा ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा एक लहान भाग आहे. अल्पावधीत पुष्कळ मद्य घेतले असता त्याचे कार्य थांबते. मनुष्य चालतो, बोलतो, भांडतो, क्वचित वाहनही चालवतो, परंतु दुसऱ्या दिवशी त्यातले काहीच त्याला आठवत नाही. लोक म्हणतात, ‘विसरला.’ वस्तुतः तो विसरलेला नसतो. नोंदच झालेली नसते. आयुष्यातील तेवढे तास कोरेच राहतात. दीर्घकाळ पिणाऱ्या व अन्नाकडे दुर्लक्ष करणाऱ्या काहींत ही स्थिती कायमची होते. अशा रोग्यांचे वर्णन रशियन वैद्य सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ मध्ये केले, आणि ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव हे तिचे मूळ आज ज्ञात आहे. विशीतल्या मुलास हा रोग सहसा होत नाही, म्हणून त्याचा बागुलबुवा दाखवू नये. पण ताणाचे विस्मरण विकत घेताना स्मरणाची शक्तीच गहाण पडते, एवढे त्याला निश्चित सांगता येते. हे सांगणे त्याच्या मनाला भिडते, कारण परीक्षेसाठी का होईना, स्मरण त्यालाही हवे असते.

आता नेमाविषयी. उत्सवाच्या दिवशी, आईच्या अश्रूंखातर, पुष्कळ तरुण महंतांपुढे दंडवत घालून मद्यत्यागाचा नेम घेतात. जो अधूनमधून पितो त्याला तेवढा नेम पुरतो. परंतु जो महिनोन्‌महिने रोज भरपूर पीत आला आहे, त्याने एकाएकी सोडणे त्याच्या जिवावर बेतू शकते. सोडल्यापासून ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसे व किडे दिसतात, ताप चढतो, अंग घामाने भिजते. हे घरच्यांना ‘बाधा’ वाटते. फलटणसारख्या स्थानी मनोव्यथेने पीडित माणसांना घेऊन कुटुंबे येऊन राहतात. त्यांत असा तरुणही असू शकतो. त्याला पाहताच मठातील मंडळींनी पहिला प्रश्न ‘शेवटचे मद्य केव्हा घेतले?’ हा विचारावा, आणि चार दिवसांच्या आतील उत्तर मिळाले व लक्षणे दिसत असली तर त्याला रुग्णालयात पोचवावे. तेथे औषधाने हा काळ बहुधा सुखरूप पार पडतो. त्यानंतर स्थानवंदन आहेच. वैद्याकडे नेल्याने परमेश्वरावरील विश्वास उणा होतो असे मानणे हा विकल्प होय. देह सांभाळून ठेवणे हेही साधनच आहे.

नेम मोडला तर? तो मोडतो; अनेकांचा एकदा तरी मोडतो. तेव्हा ज्याला दारातून हाकलले जाते, त्याच्या मूळच्या ताणात लाजेची भर पडते, आणि लाजेवरचा उपाय म्हणून त्याला एकच वस्तू ठाऊक असते. पंथात अनुताप व प्रायश्चित्त यांची व्यवस्था परत येणाऱ्यासाठीच आहे. नेम देणाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी: मद्य सुटल्यावर मन लगेच प्रसन्न होत नाही. झोप बिघडलेली राहते, चिडचिड व उदासी काही आठवडे, कित्येकांत काही महिने टिकते. मेंदू आपला तोल हळूहळू परत मिळवीत असतो. हे न सांगितले तर तिसऱ्या आठवड्यात जागा पडलेला तरुण ‘नेम घेऊनही शांती नाही’ असे म्हणत पुन्हा गुत्त्याकडे वळतो. सांगितले असेल तर, झोप येत नाही म्हणून पहाटे उठलेला तो मुलगा मठातल्या एखाद्या वृद्ध साधकाशेजारी स्मरणाला येऊन बसतो. सुरुवातीस त्याचे चित्त लागणार नाही. त्याबद्दल त्याला कोणी काही विचारू नये. दूध तापले की एक पेला त्याच्यापुढे ठेवावा.