खीळ जागेवर असावी

आज आम्ही बोटभर लोखंडाविषयी बोलणार आहोत. कीर्तनकाराला लोखंडाचे काय, असे कोणी म्हणेल. पण ऐका तर खरे.

काही वर्षांमागील आषाढी वारीत आमच्या दिंडीचे सामान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होते. मुक्कामी पाण्याची टाकी ओढून आणण्यासाठी ट्रॉली सोडली आणि तिची पिन कोणी तरी गवतात ठेवली. पहाटे निघायची घाई, पिन काही सापडेना. एका पोराने हाती लागला तो बारीक बोल्ट घातला नि म्हणाला, "चला माऊली, जमतंय!" पहिल्याच चढाला बोल्ट वाकून तुटला, दांडी रस्त्याला टेकली आणि ट्रॉली मागे सरू लागली. मागून आमच्या मायबहिणी चालत येत होत्या. दोघांनी धावत जाऊन चाकांमागे दगड लावले, म्हणून निभावले. त्या दिवशी कितीतरी वेळ आमच्या तोंडून शब्द फुटेना.

ही पिन म्हणजे नवी वस्तू नव्हे. बैलगाडीच्या आसाला खीळ होती, जुवाला शिवळ होती, तीच ही. दुकानात तिला 'लिंच पिन' म्हणतात. इंग्रजीतही हे नाव मूळचे गाडीच्या चाकाच्या खिळीचेच. संस्कृतात त्या खिळीला 'आणि' म्हणतात. आपल्या मराठी 'आणि'चे कूळ निराळे, पण काम पाहाल तर एकच. दोघांना सुटू न देणे!

आता कथा घ्या. देवासुरांच्या युद्धात दशरथ रथावर लढत होता. आसाची खीळ तुटून पडली, राजाला पत्ता नाही. शेजारी कैकेयी. तिने खिळीच्या भोकात आपला हात घातला आणि युद्ध संपेतो तो काढला नाही. वाल्मीकि रामायणात ही खीळ नाही. तेथे ती बेशुद्ध राजाला रणातून बाहेर नेते. खिळीची कथा अध्यात्म रामायणातली. पुढे काय झाले, तुम्ही जाणताच. दोन वर दिले गेले आणि त्या वरांपायी रामाला चौदा वर्षे वनवास घडला. एक खीळ जागेवर नव्हती, तिची किंमत अयोध्येने मोजली.

कैकेयीचे धैर्य मोठे खरे. पण बाबांनो, तुम्ही तो हात घालू नका! नांगर जोडताना भोकाशी भोक जुळले की नाही, हे पाहायला पुष्कळ जण बोट घालतात. लिफ्टचा दांडा तसूभर हलला की बोट गेलेच. अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि भोक सळईने जुळवा.

हॅरी फर्ग्युसनची तीन ठिकाणची जोडणी १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली, आणि पुढे जगभर तीच रूढ झाली. खाली दोन दांडे, वर एक टॉप लिंक. तीन जागा, तीन पिना, आणि प्रत्येकीला अडवणारी कडीची लहान पिन. हरवते ती ही लहानच. का हरवते? अवजार सोडले की आपण ती चाकाच्या पत्र्यावर, बांधावर नाही तर खिशात ठेवतो. म्हणून पहिला नेम हा : ज्या भोकातून काढली त्याच भोकात ती लगेच परत घालावी, मगच हात दुसऱ्या कामाला लावावा.

दुसरा नेम टाळापासून शिका. टाळांची जोडी दोरीने का बांधलेली असते? एक हरवला तर दुसरा मुका. तशी पिनेच्या कडीला आखूड साखळी लावून ती अवजाराला बांधावी. मात्र फिरत्या पीटीओ शाफ्टपर्यंत पोहोचेल एवढी लांब नको.

तिसरे, पिनेला तांबडा रंग द्यावा, म्हणजे गवतात दिसेल. उसाच्या पाचटात कडी अडकून उघडते. म्हणून पहिले तास झाले की उतरून पाहावे. कडीचा ताण गेला असेल तर पिन टाकून द्यावी. पेटीत चार जादा ठेवाव्यात, पण मापाच्या. लहान ट्रॅक्टरच्या खालच्या पिना २२ मिलिमीटर, वरची १९. मोठ्याच्या २८ आणि २५. बारीक पिन मोठ्या भोकात म्हणजे आमच्या दिंडीतला तो बोल्टच!

एवढे करूनही हरवलीच, तर जुन्या लाउडस्पीकरमधले लोहचुंबक दोरीला बांधून रानात फिरवा. नाही सापडली म्हणून सोडून देऊ नका. आज मातीत राहिलेली पिन उद्या टायरात शिरते, नाही तर चाऱ्याबरोबर कुट्टीच्या पात्यावर येते.

त्या पोराने पुढल्या वर्षी ट्रॉलीची पिन साखळीने बांधून आणली आणि निघण्यापूर्वी आम्हांस बोलावून दाखवली. आम्ही त्याला बुक्का लावला. मंडळी, तुमच्याही दारी ट्रॅक्टर असेल, तर हे वाचून झाल्यावर एकदा उठून पिना मोजून या. आम्ही थांबतो. रामकृष्णहरि!