वळू, बैल आणि रिंगणातला कुत्रा

समजा, रत्नागिरीतल्या एखाद्या मैदानावर श्वानप्रदर्शन भरलं आहे. रिंगणात लॅब्राडॉर आहेत, जर्मन शेफर्ड आहेत, घाटावरून आणलेला एखादा कारवानीही आहे. परीक्षक दात बघतो, छातीची खोली अजमावतो, चाल निरखतो, आणि नर असेल तर हाताने चाचपून आणखी एका गोष्टीची खात्री करून घेतो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघाच्या मानकांमध्ये जातीजातीच्या वर्णनाच्या शेवटी तेच वाक्य येतं, की नराची दोन्ही वृषणं पूर्ण उतरलेली असावीत. आपल्याकडची जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी, 1896 साली स्थापन झालेली केनेल क्लब ऑफ इंडिया याच संघाशी संलग्न आहे. अमेरिकन केनेल क्लब तर जातिगुणांच्या नेहमीच्या स्पर्धेत निर्बीजीकरण झालेला नर किंवा मादी सहसा उतरवू देत नाही. चाल, बांधा, स्वभाव सगळं निर्दोष, पण शस्त्रक्रिया झालेली आहे, एवढ्यावरून त्या जनावराला रिंगणाबाहेर ठेवणं योग्य आहे का?

“अहो, ही सौंदर्यस्पर्धा नव्हे,” एखादा जुना श्वानपालक म्हणेल. “पुढची पिढी कोणापासून घ्यायची, ते ठरवायला रिंगण असतं. ज्याला पिल्लंच होणार नाहीत त्याला निवडून करायचं काय?” हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्या भाषेनेही हा भेद फार पूर्वीच केलेला आहे. वंशासाठी राखलेला तो वळू, खच्ची करून नांगराला जुंपलेला तो बैल. दोघांची किंमत वेगळी, दोघांची कामं वेगळी. बैलाला कितीही जीव लावला तरी गाय दाखवायला कोणी त्याच्याकडे नेत नाही. 1859 साली न्यूकॅसलला जे प्रदर्शन भरलं, ज्याला आधुनिक श्वानप्रदर्शनांची सुरुवात मानतात, तेही शिकारी कुत्र्यांच्या शौकिनांचंच होतं, आणि त्यांचं लक्ष चांगल्या पैदाशीवर असणं स्वाभाविक होतं. पण या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे एखाद्या जनावराकडून वंशाबद्दल काही शिकायचं तर त्या जनावरालाच पुढे पिल्लं व्हायला हवीत. हे गृहीतकच मला मान्य नाही.

रत्नागिरीच्या माणसाला हे समजवायला लांब जावं लागत नाही. हापूसची कोय पेरून हापूस हाती येईल याची खात्री नसते. त्यासाठी कलमच बांधावं लागतं. आंब्याच्या प्रदर्शनात मांडलेलं फळ कोणी पेरण्यासाठी मांडत नाही. तरीही त्या फळाचा रंग, गर, साल पाहूनच ठरतं की काडी कोणत्या झाडाची घ्यायची. फळ ही झाडाची साक्ष असते. दुधाळ जनावरांत तर याशिवाय चालतच नाही. वळू दूध देत नाही, म्हणून त्याची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून करतात. खाण तशी माती म्हणतात, आणि पैदास करणारा जाणता माणूस मातीवरून खाण ओळखत असतो. निर्बीजीकरण झालेला उत्तम कुत्रा रिंगणात उभा राहतो तेव्हा तो आपल्या आईबापांबद्दल आणि सख्ख्या भावंडांबद्दल बोलत असतो, आणि त्यातली काही अजून वंश वाढवण्याजोगी असतात. त्याला बाहेर ठेवलं की पैदाशीसाठी उपयोगी असलेला पुरावाच आपण बाहेर ठेवतो. नियमाचा हेतू खरा मानला, तर तो हेतूच या बंदीच्या विरुद्ध जातो.

इथे श्वानपालक अधिक टोकदार आक्षेप घेईल, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. काही नरांत एक वृषण पोटातच राहतं. हा दोष आनुवंशिक असू शकतो आणि शस्त्रक्रियेआड तो सहज लपतो. शिवाय शस्त्रक्रियेने रूपही बदलतं. फार लहान वयात ती केली तर हाडांची वाढ थांबायला उशीर होतो आणि पाय लांबतात. स्पॅनियल, सेटर यांच्यासारख्या लांब केसांच्या जातींत अंगावरचे केस लोकरीसारखे होऊ शकतात. मग अशा कुत्र्याची तुलना इतरांशी कशी करायची? यातलं सगळं मी मान्य करतो, पण त्यातून बंदी निघत नाही, दोन सावधगिऱ्या निघतात. शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्याने तपासून मायक्रोचिपच्या क्रमांकासह दिलेला दाखला मागावा, आणि अशा जनावरांचा वर्ग वेगळा ठेवावा. मांजरांच्या जगात हे कधीचं रुळलेलं आहे. तिथे निर्बीजीकरण झालेल्या जातिवंत मांजरांसाठी ‘प्रीमियरशिप’ नावाचा स्वतंत्र वर्ग असतो, त्यांना स्वतःच्या पदव्या मिळतात, आणि त्यामुळे मांजरांच्या जाती बुडालेल्या नाहीत. ब्रिटनमध्ये तर तिथल्या केनेल क्लबकडे नोंद करून असा कुत्रा प्रदर्शनात नेताही येतो.

मला जास्त काळजी वाटते ती रिंगणाबाहेर पडणाऱ्या या नियमाच्या सावलीची. घरात एकच मादी पाळणारं कुटुंब प्रदर्शनाच्या फितीसाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहतं. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या अभ्यासात शस्त्रक्रिया न झालेल्या जवळपास एक चतुर्थांश माद्यांना वयाच्या 10 वर्षांपर्यंत गर्भाशयात पू होण्याचा आजार झालेला आढळला. उलट, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधनात गोल्डन रिट्रीव्हरसारख्या जातींत लवकर निर्बीजीकरण केल्यास सांध्यांचे विकार वाढलेले दिसले. म्हणजे सगळ्यांना एकच उत्तर नाही. वय, जात, लिंग पाहून पशुवैद्य आणि मालक यांनी मिळून ठरवायची ही गोष्ट आहे, आणि त्या तराजूत फितीचं वजन पडता कामा नये. शिवाय हौस म्हणून एकदा पिल्लं घेतली की ती कुठे जातात, हे कोकणातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर दिसतं. रस्त्यावरच्या कुत्र्याला मात्र आपण उलटा न्याय लावतो. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार शस्त्रक्रिया करून, कानाला खूण करून त्याला त्याच्याच जागी सोडायचं असतं. दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात 22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयानेही, पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे वगळून, हीच वाट धरली. रस्त्यावर जी शस्त्रक्रिया जगण्याचा परवाना ठरते, तीच मैदानावर अपात्रता ठरते. दोन्हीकडचे हेतू वेगळे आहेत हे खरं, पण पाहणारा समाज एकच आहे, आणि जबाबदार मालक कसा असतो हे तो प्रदर्शनातही शिकत असतो.

“आणि आमच्या कारवानी, पश्मी या देशी कुत्र्यांचं काय?” हा प्रश्न उरतोच. “मुळात संख्या कमी. त्यांचंही निर्बीजीकरण करायला लावाल?” नाही. मोजक्या देशी जातींत प्रत्येक निरोगी जनावर मोलाचं आहे, आणि तिथे वंश चालू ठेवण्याचा आग्रह मी मनापासून मान्य करतो. मात्र अशा जातींना दुसराही धोका असतो. विजेत्या एकाच नराकडे सगळे आपापली मादी नेऊ लागले की दोन-तीन पिढ्यांत सगळी पिल्लं एकमेकांची नातलग होतात. तिथे तर घराण्यांतली जास्तीत जास्त भावंडं, शस्त्रक्रिया झालेलीसुद्धा, एकत्र पाहायला मिळणं अधिकच गरजेचं आहे.

पैदाशीची पदवी पैदाशीच्या कुत्र्यालाच मिळू द्या, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच मैदानावर, त्याच परीक्षकासमोर, निर्बीजीकरण झालेल्यांचा वर्ग भरवावा. रत्नागिरीसारख्या गावात, जिथे असं प्रदर्शन नव्याने उभं करता येईल, तिथे ही सुरुवात सोपी जाईल. आणि निकाल पुकारताना त्या कुत्र्याच्या नावाबरोबर त्याच्या आईबापांची नावंही मोठ्याने वाचावीत.